कोडमधून लेबल बदललं, पण स्क्रीनवर कधी दिसणार?

फोटोंचा आकार कमी करणारं एक छोटं अ‍ॅप मला हवं होतं: एक बटण, एक लेबल आणि काम किती झालं ते दाखवणारी पट्टी. पायथॉनसोबत टीकेइंटर ही विंडो आणि बटणं बनवायची लायब्ररी बहुतेक वेळा आयतीच येते, म्हणून तीच घेतली.

लेबलचा मजकूर बदलणं सोपं आहे. लेबल व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि हवं तेव्हा त्याची कॉन्फिग मेथड वापरून टेक्स्ट बदलायचं. फक्त लेबल बनवणं आणि पॅक करणं, म्हणजे ते विंडोत मांडणं, एकाच ओळीत जोडू नये. पॅक नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) परत करतं आणि व्हेरिएबलमध्ये तेच जाऊन बसतं. ग्रिडने, म्हणजे ओळी-रकान्यांत, मांडलेली एखादी गोष्ट थोडा वेळ लपवायची असेल तर मी ग्रिड-रिमूव्हच वापरतो. ग्रिड-फर्गेट जुनी मांडणी विसरतं, ग्रिड-रिमूव्ह लक्षात ठेवतं.

खरा कस लागला तो फोटोंचं काम सुरू झाल्यावर. बटण दाबताच लेबलवर ‘काम चालू आहे’ यायला हवं होतं. कॉन्फिगची ओळ चालली होती, सीगेट मेथडने विचारलं तर लेबल नवा मजकूर सांगत होतं, पण स्क्रीनवर मात्र जुनाच ‘तयार’! विंडोही हलेना. सगळे फोटो संपल्यावर थेट ‘झालं’ उमटलं.

कारण मेनलूपमध्ये आहे, म्हणजे क्लिक ऐकणाऱ्या आणि विंडो रंगवणाऱ्या टीकेइंटरच्या सतत चालणाऱ्या लूपमध्ये. कॉन्फिग बदलाची नोंद करतं. स्क्रीनवर रंगवण्याचं काम मेनलूप मोकळा झाला की होतं. माझं फंक्शन संपेपर्यंत त्याला सवडच नव्हती. अपडेट-आयडलटास्क्स ही राहिलेलं रंगवण्याचं काम लगेच उरकणारी मेथड बोलावली की मजकूर दिसतो, पण क्लिक तसेच अडकून राहतात. त्यामुळे तो उपाय मला अर्धवट वाटला.

मग फंक्शनचे तुकडे केले. एका वेळी एकच फोटो घ्यायचा, लेबल आणि पट्टी बदलायची, आणि दिलेल्या वेळानंतर फंक्शन चालवणाऱ्या आफ्टर मेथडला १० मिलिसेकंद व त्याच फंक्शनचं नाव देऊन बाहेर पडायचं. नावापुढे कंस द्यायचे नाहीत, नाहीतर फंक्शन तिथल्या तिथेच चालतं. मधल्या फटीत मेनलूप रंगवतो, क्लिकही ऐकतो.

एकेक फोटोच फार मोठा असेल तर हेही पुरत नाही. तिथे मी काम वेगळ्या, समांतर चालणाऱ्या थ्रेडमध्ये टाकलं, पण त्या थ्रेडला लेबलला हात लावू दिला नाही. तो थ्रेड आपला निकाल क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकतो, मुख्य थ्रेड आफ्टरने दर १०० मिलिसेकंदांनी क्यू तपासतो आणि लेबल बदलतो. आता काम चालू असतानाही ‘थांबा’ बटण दाबता येतं.