टॅक्रोलिमस आणि साधा खोकला

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या मामांना आज वाशीला तपासणीसाठी नेले होते. खोकल्यासाठी घराजवळच्या डॉक्टरांनी त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले होते. मात्र शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून मामा घेत असलेल्या टॅक्रोलिमस या औषधाचे विघटन करणाऱ्या विकरालाच (एन्झाइमलाच) हे प्रतिजैविक रोखत असल्यामुळे रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी वाढून नव्या मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, हे तिथल्या फार्मासिस्टबाईंनी चिठ्ठी पाहताक्षणी ओळखले आणि डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घेतले. अशी नजर प्रत्येक रुग्णालयात हवी. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन नेमके उलटे वागते: त्याने पातळी घसरते आणि शरीराने अवयव नाकारण्याचा धोका वाढतो. पातळीसाठीचे रक्त सकाळच्या मात्रेपूर्वीच द्यावे लागते, म्हणून मामा ऐरोलीहून गोळी खिशात ठेवूनच निघाले होते. पपनसही वर्ज्य, हे ऐकून मात्र ते खट्टू झाले.