सोफिया गार्डन्समध्ये वेल्सचा संघ शोधताना

ब्रिटनमधल्या वेल्सची राजधानी असलेल्या कार्डिफच्या मुख्य रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की टॅफ नदीच्या काठचे प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम चुकवू म्हटले तरी चुकवता येत नाही. सुमारे ७४ हजार प्रेक्षक मावतील असे हे रग्बीचे मैदान शहराच्या ऐन मध्यवस्तीत आहे. वेल्सचा रग्बी संघ १८८१ पासून खेळतो आणि फुटबॉल संघटना तर १८७६ मधली. हाच फुटबॉल संघ २०१६ च्या युरो स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि २०२२ च्या विश्वचषकातही उतरला. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत वेल्सचे पथक स्वतःचा ध्वज घेऊन चालते. मात्र याच स्टेडियमपासून ब्यूट पार्कच्या झाडीतून रमतगमत सोफिया गार्डन्सच्या क्रिकेट मैदानाशी पोहोचलो की हे राष्ट्र अचानक दिसेनासे होते. तेथे आंतरराष्ट्रीय सामना असतो तेव्हा यजमान खेळाडूंच्या टोपीवर तीन सिंह असतात आणि तो संघ इंग्लंडचा असतो.

खरे तर मी या मैदानावर आलो होतो तो राहुल द्रविडसाठी. २०११ मध्ये आपला शेवटचा एकदिवसीय सामना तो येथेच खेळला आणि ६९ धावा करून परतला. त्या संध्याकाळचे दूरचित्रवाणीवरचे चित्र मनात घेऊन मी प्रवेशद्वाराशी उभा होतो. वेल्सला स्वतःचा क्रिकेट संघ नाही, ही गोष्ट मला ठाऊक होती. पण ती आपल्याला टोचेल असे वाटले नव्हते. इंग्लंड आणि वेल्स यांचे क्रिकेट मंडळ एकच असल्यामुळे वेल्समध्ये जन्मलेल्या मुलाला कसोटी खेळायची असेल तर ती इंग्लंडकडूनच खेळावी लागते. १९७२-७३ च्या हंगामात भारतात आलेल्या इंग्लंडच्या संघाचा कर्णधार टोनी लुईस हा स्वान्सीचा. अजित वाडेकरांच्या संघाने ती मालिका २-१ अशी जिंकली आणि आपण सगळे आजवर ‘वाडेकरांनी इंग्रजांना हरवले’ असेच म्हणत आलो आहोत.

उत्तर वेल्समधल्या लँडुडनोला जायचे मी त्याच संध्याकाळी ठरवले, कारण वेल्सच्या क्रिकेटचा सर्वांत मोठा पराक्रम तेथे घडला आहे. नकाशा पाहून मला वाटले होते की गाडी डोंगरदऱ्यांतून सरळ उत्तरेला जाईल. प्रत्यक्षात दक्षिण वेल्समधून उत्तर वेल्सला जाणारी ही गाडी थोड्याच वेळात सीमा ओलांडून इंग्लंडमध्ये शिरते, हेरफर्ड आणि श्रूजबरी ही इंग्लंडमधली स्थानके घेते आणि बऱ्याच वेळाने पुन्हा वेल्समध्ये येते. डब्यात उभे राहायलाही जागा नव्हती, आरक्षणाच्या पाट्या लागलेल्या नव्हत्या आणि मी श्रूजबरीपर्यंत दाराशेजारी बॅगेवर बसून गेलो. आपल्याच देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे तर शेजाऱ्याच्या अंगणातून जावे लागते, आणि क्रिकेटपटूंचेही तेच झाले आहे, हा विचार मला त्या अवघडलेल्या अवस्थेत सुचला.

लँडुडनोचा समुद्रकिनारा आणि ग्रेट ऑर्मचा डोंगर यांचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे, म्हणून ते सोडून देतो. वस्तीच्या मधोमध असलेल्या ‘ओव्हल’ नावाच्या तेथील मैदानावर १९२८ मध्ये वेल्सने इंग्लंडच्या दौऱ्यावर आलेल्या वेस्ट इंडीजला ८ गडी राखून हरवले. सामन्यात १२ बळी घेणारे सिडनी बार्न्स तेव्हा ५५ वर्षांचे होते. हे बार्न्स जन्माने इंग्लंडमधले आणि कसोट्याही इंग्लंडकडून खेळलेले. वेल्सच्या या अभिमानाच्या गोष्टीतला नायकसुद्धा उसना आहे. तरीही या देशाचा संघ त्या काळात प्रथम श्रेणीचे सामने खेळत होता, एवढे तरी त्या गवतावर उभे राहून खात्रीने म्हणता येते.

कार्डिफला परतल्यावर ग्लॅमॉर्गनचा कौंटी सामना पाहायला गेलो. मैदान बहुतांशी रिकामे होते. वेल्समधला हा एकमेव प्रथम श्रेणी कौंटी संघ. मुंबईत एका षटकात सहा षटकार मारणारे आपले रवी शास्त्री पुढे याच संघाकडून खेळले, आणि १९६८ मध्ये स्वान्सीला सोबर्सने ज्याला सहा षटकार मारले तो गोलंदाज माल्कम नॅशही ग्लॅमॉर्गनचाच. माझ्या शेजारच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ मांडीवर धावफलकाची वही घेऊन बसले होते. वेल्सच्या स्वतंत्र संघासाठी आपण कित्येक वर्षे पत्रे लिहीत आलो आहोत आणि सह्या गोळा करीत आलो आहोत, असे त्यांनी सांगितले. त्यांच्याशी बोलणे हा संयमाचा भाग होता, कारण गोलंदाज धावू लागला की ते वाक्य अर्ध्यावर सोडत, चेंडू पडला की टोकदार पेन्सिलीने चौकटीत एक ठिपका देत आणि मग तेच वाक्य जेथे सोडले होते तेथून पुढे नेत.

त्यांची तक्रार इंग्लंडविषयी नव्हती, याचे मला नवल वाटले. “जर्सीला संघ आहे, गर्न्सीला आहे, आइल ऑफ मॅनला आहे, जिब्राल्टरलासुद्धा आहे,” अशी चिमुकल्या प्रदेशांची यादी देत ते म्हणाले, एक ठिपका दिला आणि पुढे म्हणाले, “आम्ही तीस लाखांवर माणसे आहोत.” १९७९ च्या आयसीसी ट्रॉफीत, म्हणजे कसोटी न खेळणाऱ्या देशांच्या स्पर्धेत, जिब्राल्टरने माघार घेतली म्हणून आयत्या वेळी वेल्सला बोलावले गेले होते, आज जिब्राल्टर आयसीसीचा सहयोगी, म्हणजे कसोटीचा दर्जा नसलेला, सदस्य आहे आणि वेल्स कोठेच नाही. स्कॉटलंडने १९९२ मध्ये इंग्लंडच्या मंडळाशी असलेले नाते तोडले, १९९४ मध्ये सहयोगी सदस्यत्व मिळवले आणि २०१८ मध्ये एडिनबरोला इंग्लंडलाच हरवले. वेल्सनेही २००२ मध्ये याच सोफिया गार्डन्सवर एका एकदिवसीय सामन्यात इंग्लंडला ८ गडी राखून हरवले होते, पण पुढल्या दोन वर्षांत आणखी दोन सामने झाले आणि ती प्रथाच बंद पडली. २०१७ मध्ये तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे वेल्सच्या सरकारचे प्रमुख, कार्विन जोन्स यांनी वेल्सच्या एकदिवसीय संघाची बाजू जाहीरपणे घेतली, तरी काही हलले नाही.

“अडवते कोण?” असे मी विचारले, तेव्हा त्यांनी पेन्सिलीने समोरच्या पॅव्हिलियनकडे बोट दाखवावे तसे दाखवले. ग्लॅमॉर्गनचा संसार इंग्लंडच्या मंडळाकडून येणाऱ्या पैशावर आणि इंग्लंडचे सामने भरवण्यावर चालतो. वेगळी चूल मांडली तर हे दोन्ही जाईल, ही भीती वेल्सच्या क्रिकेटमधल्या जबाबदार माणसांनीच वेळोवेळी बोलून दाखवली आहे, आणि ती मला अनाठायी वाटत नाही. सहयोगी देशाला कसोट्या मिळत नाहीत. २००५ च्या ॲशेसमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी मालिकेत, १८ बळी घेणारा सायमन जोन्स स्वान्सीचा होता आणि वेल्सचा वेगळा संघ असता तर तो त्या मालिकेत दिसला असता की नाही, कोण जाणे. यावर त्यांच्याजवळ उत्तर होते. सहयोगी देशाकडून खेळलेल्या खेळाडूला पूर्ण सदस्य देशाकडे जाण्याची वाट मोकळी असते. आयर्लंडकडून खेळलेला ऑइन मॉर्गन पुढे इंग्लंडचा कर्णधार झाला आणि २०१९ चा विश्वचषक त्यानेच उचलला. राहिला कसोट्यांचा मोह, तर येथे २००९ मध्ये ॲशेसची कसोटी मोठ्या थाटात झाली खरी, पण २०१५ नंतर कार्डिफला एकही कसोटी मिळालेली नाही. जे मिळतच नाही ते जाईल म्हणून किती दिवस घाबरायचे, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

मला त्यांचे म्हणणे पटले, निदान मर्यादित षटकांच्या संघापुरते तरी पूर्ण पटले. अडचण एवढीच होती की या मैदानाची तिकिटे हातोहात खपतात ती ज्या सामन्यांना, त्यांत भारताचे सामने असतात आणि निळे सदरे घालून ती विकत घेणारे आम्हीच असतो. इंग्लंडचे सामने येथे भरवण्यात जो फायदा आहे, त्यातला मोठा वाटा आमच्या खिशातून येतो. मी हे बोलून दाखवले. त्यांनी षटक संपू दिले, बेरीज लिहिली आणि मग मला विचारले की उद्या येथे वेल्स विरुद्ध जर्सी असा सामना ठेवला तर मी तिकीट काढीन का. खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. भारताविरुद्ध असेल तर नक्की काढीन, जर्सीविरुद्ध असेल तर हवामान बघून ठरवीन, असे मी सांगितले.

“म्हणजे तुम्हीही क्लबच्या खजिनदाराच्याच बाजूचे,” ते म्हणाले आणि पुढच्या षटकासाठी त्यांनी वहीचे पान उलटले.