पहिले पंधरा दिवस वही बंद का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर, धडगाव-मोलगीकडे, मी संशोधन शिकणाऱ्या मुलामुलींना घेऊन जाते, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक हमखास विचारतात, "ताई, पंधरा दिवस प्रश्नावलीला हात लावू देत नाही, ते का?"

कारण पहिल्यांदा मी वही उघडूनच गेले होते. आहाराची पाहणी होती. कागदावर रकाने होते: पोळी, भात, डाळ, दूध, अंडी. "काल काय जेवलात?" बायका म्हणाल्या, भाकर-चटणी. मी तेच लिहिलं. मग पावसानं मुक्काम लांबला आणि त्याच घरात मला ओढ्यातले खेकडे आणि तरोट्याची भाजी वाढली गेली. हे का नाही सांगितलंत? "तुझ्या कागदावर कुठंय ते? आधी आलेले हसले होते."

दोन दिवसांनी त्याच बायकांनी अंगणात खडे मांडून बारा महिन्यांचं जेवण दाखवलं. आषाढात धान्याचे खडे सगळ्यात कमी आणि रानभाजीचे सगळ्यात जास्त. पेरणी झालेली, कणगी रिकामी, मग रान पोट भरतं. माझ्या प्रश्नावलीत हा आषाढ कुठंच नव्हता. तेव्हापासून प्रश्न पाड्यावर बसूनच तयार होतात.

जळगाव-धुळ्याच्या पोरांना वाटतं, अहिराणी येते म्हणजे खान्देश आपला. अक्राणीत, म्हणजे धडगाव तालुक्यात, पावरी भाषा लागते, नवापूरकडे मावची. दुभाष्या घेतला तरी थोडं कानावर पडायला दिवस लागतात. आणि कधी जायचं तेही शिकावं लागतं. दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. जानेवारीत पाहणी केली तर म्हातारी माणसं भेटतात आणि अहवालात तेच गाव होऊन बसतं. होळीला माणसं परततात, पण तेव्हा ढोल वाजवायचे असतात, फॉर्म भरायचे नसतात.

संमतीपत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की समाजानं परवानगी दिली तरी प्रत्येक माणसाची संमती वेगळी घ्यावी लागते. मुलांना हे पाठ असतं. पण अंगठा म्हटल्यावर समोरची म्हातारी हात का मागे घेते, ते कळायला शहाद्याचा इतिहास ठाऊक हवा. कागदावर अंगठे घेऊन सावकारांच्या घशात गेलेल्या आदिवासींच्या जमिनींसाठी १९७० च्या दशकात तिथं आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना लढली. शाईचा डबा पुढे करण्याआधी ही गोष्ट मी मुलांकडून त्यांच्या तोंडून ऐकते.

सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या, तपासणीला रक्त दिलं, निकाल कधी आलाच नाही, असं सांगणारी घरं मला भेटली आहेत. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा सुई घेऊन कोणत्या तोंडानं जायचं? म्हणून आमच्याकडे प्रबंध विद्यापीठात देण्याआधी पाड्यावर वाचायचा, त्यांच्या भाषेत. मागच्या खेपेला एका मुलीचं अख्खं प्रकरण बायकांनी खोडलं: पाण्याला किती वेळ लागतो ते तिनं मोजलं होतं, हंड्यांसाठी रांगेत बसण्याचा वेळ धरलाच नव्हता. ती परत गेली आणि पहाटे चारपासून त्यांच्यासोबत झऱ्यावर बसली.