कार्यानुभवाचा तास

मुलाच्या शाळेतून 'विल्मा'वर, म्हणजे इथल्या पालक-शिक्षकांच्या ॲपवर, गृहपाठ आला. घरचे कपडे रंगांप्रमाणे वेगळे करून मशीन लावायचं, वाळत घालायचे, घड्या घालायच्या. आणि मुलाने हे एकट्याने केलं असं पालकांनी कळवायचं. नौपाड्याला फोनवर आईला कौतुकाने सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढ्यासाठी गेलात होय फिनलंडला?"

मला लागलं ते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे सातवीत गृहशास्त्र सक्तीचं आहे, मुलग्यांनाही. वर्ग म्हणजे ओळीने मांडलेली छोटी स्वयंपाकघरंच. एकजण कणीक मळतो, एकजण ओव्हन बघतो, एकजण भांडी विसळतो. केलेलं सगळ्यांनी मिळून खायचं, मग कचरा वेगळा करायचा. ओला, कागद, धातू, सगळ्याचे डबे निराळे. ओटा चिकट राहिला तर बाई कुणाला सोडत नाहीत. याला गुणही मिळतात, चार ते दहाच्या पट्टीवर. माझ्या चिरंजीवांना सात, कारण साहेब फडकं न पिळताच टांगतात. (घरीही तेच. वडिलांवर गेलाय.)

हस्तकला तर इथे १८६६ पासून शाळेत आहे. २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात लाकूडकाम आणि शिवणकाम एकत्र केलं, त्यामुळे मुलगे टीप मारतात, मुली करवत चालवतात.

आता म्हणाल, आपल्याकडे काय नव्हतं? होतं की! वेळापत्रकात 'कार्यानुभव' लिहिलेलं असायचंच, बहुतेक शेवटच्या तासाला. पण ठाण्यात शिकलेल्या कुणालाही विचारा, तो तास कुणाचा असायचा. गणिताचा पोर्शन राहिलेला असायचा, बाई यायच्या आणि कार्यानुभवाच्या वहीतच समीकरणं सोडवून घ्यायच्या. वर्षाच्या शेवटी मण्यांचं तोरण जमा करायचं, जे आईने रात्री जागून ओवलेलं असायचं. माझ्या आईला त्यात 'अ' श्रेणी मिळाली होती.

आणि हाताला काम देऊन शिकवायचं, हा विचार काही आपण फिनलंडकडून उसना घ्यायला नको. गांधीजींनी नई तालीम मांडली ती वर्ध्याच्या परिषदेत, १९३७ साली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे: सहावी ते आठवीत कधीतरी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला जायचं. माझा भाचा घोडबंदर रोडवर राहतो, तोही सातवीतच. त्याच्या शाळेत सुतार अजून आलेला नाही. आयआयटीची फाउंडेशन बॅच मात्र आली.

हे बहिणीला ऐकवलं की ती 'पिसा'चे, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे, आकडे पाठवते. गणितात फिनलंड २००६ साली ५४८ वर होतं, २०२२ मध्ये ४८४ वर घसरलं. शिवाय रीहिमाकी नावाच्या गावाने २०२४ मध्ये शाळेतले लॅपटॉप मागे सारून पुन्हा छापील पुस्तकं हातात दिली, तीही बातमी तिच्याकडे माझ्याआधी पोचलेली. मी उलट सांगते, भारत २००९ च्या फेरीत हिमाचल आणि तमिळनाडूतर्फे बसला, यादीच्या तळाशी आला, आणि २०२२ च्या फेरीतही नव्हता. परीक्षेला बसायचंच नाही, मग नापास कोण करणार?

पण भाचा जी गणितं झटपट सोडवतो ती आमच्या चिरंजीवांनी अजून पाहिलेलीही नाहीत, हेही खरं. ठाण्याहून येताना मी बालभारतीचं सातवीचं गणिताचं पुस्तक बॅगेत टाकून आणलंय. दर रविवारी दोन सरावसंच. तो कुरकुरतो, इथल्या शाळेत रविवारी अभ्यास नसतो म्हणतो. मी ऐकत नाही. आणि बहिणीला यातलं काही कळवलेलं नाही.