कव्हर चार्ज भरलाच आहे, तर गोड काय मागवाल?

दिवाळी आटोपली की माझ्या व्हॉट्सॲपवर क्रूझवाल्यांची वर्दळ सुरू होते. कुणाची मुलगी ह्यूस्टनला, कुणाचा मुलगा न्यू जर्सीत. आईबाबा तिकडे गेले की कॅरिबियनची सहल ठरते. मग कुणीतरी सांगतं, 'कुडाळात तो बेकरीवाला आहे ना, तो जहाजावर होता, त्याला विचारा.' प्रश्न ठरलेला असतो: मोठ्या डायनिंग रूममध्ये जेवण तिकिटातच आहे, तर वेगळे डॉलर, म्हणजे कव्हर चार्ज, मोजून इटालियन रेस्टॉरंटमध्ये कशाला जायचं?

पास्त्याबद्दल मी बोलत नाही, ते दुसऱ्या खात्याचं काम. मी पेस्ट्रीतला माणूस. पण मेनूतली गोडाची पानं चाळून एवढं नक्की सांगू शकतो, की तुमच्या डॉलरांतले निम्मे तरी वसूल होतील का.

मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक जहाजांवर असं एखादं इटालियन असतंच. प्रिन्सेसवर सबातीनीज, हॉलंड अमेरिकावर कनालेत्तो, कार्निव्हलवर कुचिना देल कॅपितानो. ओशनियाच्या तोस्कानाला तर वेगळे पैसेही पडत नाहीत. मी कुठे होतो ते नाही सांगणार, कारण पुढे थोडं घरातलं बोलायचं आहे.

रेस्टॉरंट वरच्या डेकवर, काचेतून समुद्र दिसेल असं. गोड मात्र आमच्याकडे बहुतेक सगळं खाली, मुख्य गॅलीच्या (जहाजाच्या स्वयंपाकघराच्या) पेस्ट्री सेक्शनमध्ये व्हायचं. तिथेच रात्रीच्या बुफेचे केक, तिथेच वाढदिवसाचे, आणि त्याच टेबलाच्या एका कोपऱ्यात इटालियनचे ट्रे. दुपारी ते लिफ्टने वर जायचे. वर छोटी पॅन्ट्री, फ्रिज, आणि ताटली सजवणारा एक पोरगा. म्हणजे तुमच्यापुढे रात्री साडेआठला येणारं गोड सकाळी तरी झालेलं असतं, नाहीतर आदल्या रात्री. यात फसवणूक काही नाही, हजारो लोकांचं स्वयंपाकघर असंच चालतं. फक्त मागवताना एक बघायचं: हा पदार्थ थांबू शकतो का?

तिरामिसू थांबतं. नुसतं थांबतं असं नाही, त्याला थांबायलाच हवं. कॉफीत बुडवलेली सावोयार्दी बिस्किटं आणि वरचं मस्कार्पोने हे मऊ, सायीसारखं चीज एकमेकांत मुरायला रात्र लागते. ताजं केलेलं तिरामिसू मला कधीच आवडलं नाही, बिस्किट वेगळं लागतं आणि क्रीम वेगळं. लोकांना हा पदार्थ फार जुना वाटतो, रोमन बादशहांच्या काळातला वगैरे. तो आपल्या आईवडिलांच्या पिढीतला आहे. व्हेनिसजवळच्या त्रेव्हिसो गावातल्या 'ले बेक्केरिए' या रेस्टॉरंटात १९७२ च्या सुमारास तो मेनूवर आला असं तिथले लोक सांगतात. शेजारच्या फ्रिउली प्रांताचं म्हणणं, आमच्याकडे त्याआधीच होत होता. २०१७ साली इटलीच्या कृषी मंत्रालयाने तो फ्रिउलीच्या पारंपरिक पदार्थांच्या यादीत घातला, तेव्हा त्रेव्हिसोकडचे चांगलेच भडकले होते.

त्रेव्हिसोच्या रीतीत दारू नाही. बलक, साखर, मस्कार्पोने, कॉफी, बिस्किटं आणि वरून कोको, संपलं. जहाजावर मात्र मार्साला वाइन नाहीतर कॉफीची लिक्योर सढळ हाताने पडते. घेत नसाल तर आधी विचारा.

बलकाचं प्रकरण वेगळंच. इटलीतल्या घरात कच्चं अंडं फोडून घालतात. अमेरिकी बंदरात येणाऱ्या जहाजावर तसं केलं तर शेफची नोकरी जाईल. तिथलं आरोग्य खातं, म्हणजे यूएसपीएच, न सांगता तपासणीला येतं. १०० पैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले की जहाज नापास, आणि ते गुण इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. 'यूएसपीएच आले' एवढे दोन शब्द कानावर पडले की अख्ख्या गॅलीचा चेहरा बदलायचा. त्यामुळे आमचा बलक पाश्चराइज केलेला, कार्टनमधून येणारा. त्यात १२१ अंशांवर आलेला साखरेचा पाक बारीक धारेने ओतत फेटायचं, गार झालं की मस्कार्पोने मिसळायचं. जास्त फेटलं की मस्कार्पोने फाटतं आणि लोणी सुटतं. एका ट्रेचं नुकसान म्हणजे हेड पेस्ट्री शेफचं तासभर व्याख्यान. हे सगळं एकदा आईला सांगत होतो, तर तिने एवढंच विचारलं, 'आणि ह्या लोक पैसे देवन खातत?'

एक खूण सांगतो. ताटलीवरचा कोको काळपट, ओला दिसला तर तो दुपारीच चाळलाय. कोरडा आणि मखमली दिसला तर वरचा पोरगा कामाचा आहे. बाकीचं गोडही मग त्याच्या हातून नीट येईल.

पन्ना कोत्ता हा दुसरा थांबणारा. इटलीच्या पिएमाँत प्रांतातला. साय, साखर, व्हॅनिला, जिलेटिन. दिसायला गरीब, म्हणून लोक सोडतात. माझ्या मते जहाजावरचं सगळ्यात प्रामाणिक गोड हेच. यात लपवायला जागाच नाही. ताटलीत उलटा करून आणला तर जिलेटिन जरा जास्त लागतं, ग्लासात दिला तर कमी चालतं, आणि कमी असलेलाच खायला चांगला. गंमत म्हणजे जोराचा वारा आडवा लागून जहाज एका बाजूला कललं की ग्लासातले सगळे पन्ना कोत्ता तिरके गोठतात. सकाळी फ्रिज उघडावा तर ओळीने शंभर ग्लास, सगळ्यांची मान एकाच बाजूला. वरून बेरीचा सॉस ओतून सपाटी आणायची, दुसरं काय करणार.

पण शाकाहारी मंडळींनी लक्ष द्या: जिलेटिन हे प्राण्यांचं. मेनूवर हिरवं पान छापलेलं असो वा नसो, वेटरला स्पष्ट विचारा. अंडंही चालत नाही आणि जिलेटिनही नाही अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि 'यात अंडं नाही ना?' एवढंच विचारून ती पन्ना कोत्ता खाऊन मोकळी होतात.

आता कन्नोली. सिसिलीचा अभिमान. तळलेली कुरकुरीत नळी, आत मेंढीच्या दुधाचा गोड रिकोत्ता (मऊ, ताजं चीज), टोकांना पिस्ता नाहीतर संत्र्याच्या सालीचा मुरंबा. पारंपरिक नळीच्या पिठात डुकराची चरबी असते, तेही सांगून ठेवतो. कन्नोली म्हणजे भेळ. गिऱ्हाईक समोर उभं असताना भरायची आणि हातात द्यायची. सिसिलीतल्या पालेर्मोत चांगल्या दुकानात भरलेली कन्नोली मांडून ठेवतच नाहीत. जहाजावर नळ्या खोक्यातून तयार यायच्या, रिकोत्ता गाईच्या दुधाचा, आणि कॅरिबियनची हवा अशी दमट की बंद डब्यातली नळीसुद्धा नरम पडायची. त्यावर आम्ही उपाय करायचो: नळीच्या आतून पातळ चॉकलेट फिरवायचं, म्हणजे ओल लागत नाही. उपाय चांगला, पण खाणाऱ्याला चॉकलेटच लागतं. तेव्हा मागवायचीच असेल तर विचारा, 'आता भरून देणार का?' वेटर क्षणभर जरी घुटमळला तरी दुसरं काहीतरी घ्या.

लाव्हा केक इटालियन नाही, कुठल्याही मेनूवर असला तरी. लिमोनचेल्लो या लिंबाच्या लिक्योरच्या नावाने येणारं पिवळं काहीही मी स्वतः मागवणार नाही.

राहिलं अफोगातो. व्हॅनिला किंवा फिओर दी लात्ते (नुसत्या दुधाच्या चवीच्या) जेलातोचा, म्हणजे इटालियन आइस्क्रीमचा गोळा, वर गरम एस्प्रेसो. यात खालच्या गॅलीचा हात जवळजवळ नाहीच, सगळं तुमच्या टेबलाजवळ होतं. जेलातो आइस्क्रीमपेक्षा जरा कमी थंड ठेवतात, उणे बारा-चौदाच्या आसपास, म्हणून जिभेला लगेच चव कळते. आमच्याकडच्या फिओर दी लात्तेमध्ये अंडंही नव्हतं. दूध, साय, साखर.

एका संध्याकाळी वरच्या फिलिपिनो वेटरने फोन केला, 'शेफ, तुमच्याकडची एक बाई आहे, तिला काहीच चालत नाही.' वर गेलो तर नऊवारीतल्या आजी, सांगलीच्या. नातवाने हौसेने आणलेलं. तिरामिसू नको, पन्ना कोत्ता नको, कन्नोलीची चरबी ऐकून त्यांनी हातच जोडले.

'कुठला रे तू?'

'कुडाळचा, आजी.'

'म्हणजे मासे खातोस आणि गोड करतोस,' म्हणाल्या. 'बरं, तुला जे चांगलं वाटेल ते आण.'

मी अफोगातो नेला. कॉफी छोट्या जगमध्ये वेगळी ठेवली आणि कसं ओतायचं ते सांगितलं. आजींनी आधी जेलातो संपवला, तसाच, पांढरा. मग जगमधली कॉफी कपात ओतली, दूध मागवलं, तीन चमचे साखर घातली, नातवाची बशी ओढून त्यात ओतली आणि फुंकर मारून प्यायल्या. नातू मान खाली घालून बसला होता. आजींनी विचारलं, 'अजून एक मिळेल का रे? पण त्यात ते कडू पाणी नको.'