आमची वाटचाल: विहिरीवरच्या इंजिनापासून बुलेटपर्यंत

दारव्हा तालुक्यातलं आमचं वर्कशॉप वावरातल्या डिझेल इंजिनांवर उभं राहिलं. विहिरींवर वीज आली तशी ती इंजिनं कमी झाली आणि राजदूत, येझदी, मग लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट यायला लागली. "बुलेट म्हटली की तेल टपकणारच," असं सांगणारे गिऱ्हाईक आजही येतात. आम्हाला ते पटत नाही.

गळती शोधायला इंजिन रॉकेलने धुऊन कोरडं करायचं, जोडांवर टाल्कम पावडर मारायची आणि पंधराएक मिनिटं चालवायचं. तेल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून थेंब कुठे पडतो ते सोडा, सगळ्यात वरचा, पुढचा ओला डाग धरा. चारी बाजूंनी पाझरत असेल तर गॅस्केटला (जोडांमधल्या पॅकिंगला) हात लावायच्या आधी ब्रीदर, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी वाट, पाहा. त्याची रबरी चोच कडक झाली, किंवा उभ्या गाडीच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं, की क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पेटीतला) दाब मिळेल त्या जोडातून तेल बाहेर ढकलतो. ब्रीदर मोकळा असूनही नळीतून धूर फुसफुसला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा. वरून सिलिकॉन थापणं तर नकोच. आत पिळलेला तुकडा सुटून तेलाची वाट बुजवतो.

महिनोन्‌महिने उभ्या बुलेटमध्ये इंजिन ऑइलच्या टाकीतलं तेल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. तेल मोजायची पट्टी कोरडी दिसते, मालक लिटरभर ओततो, आणि चालू केल्यावर जास्तीचं तेल ब्रीदरमधून बाहेर. पातळी गाडी फिरवून आणल्यावर, काही मिनिटं थांबून बघायची.

खरी मेख तेलाच्या दाबाची. रॉकरला (वरच्या झडपा हलवणाऱ्या भागाला) तेल देणाऱ्या नळीचा बँजो बोल्ट, म्हणजे पोकळ बोल्ट, सैल करून तेल दिसलं की बरेच मेकॅनिक निर्धास्त होतात. पण त्यातून कळतं ते परतीच्या, म्हणजे तेल टाकीत परत नेणाऱ्या, पंपाचं. बिग एंडला (क्रँकवरच्या बेअरिंगला) तेल देणारा पंप वेगळा. टायमिंग कव्हरमध्ये (इंजिनाच्या बाजूच्या झाकणात) क्रँकच्या टोकाशी असलेलं छोटं कॉर्क सील दबलं, तर तेल बिग एंडला न पोचता कव्हरमध्येच सांडतं. बाहेर थेंबही नाही, आणि खालून ठोका सुरू. कव्हर उघडलं की ते सील आम्ही बदलतोच.

येझदीत पांढरा धूर आणि गिअर ऑइल कमी, पण जमिनीवर डाग नाही, तर क्लचकडचं क्रँक सील. दुसऱ्या बाजूचं गेलं तर हवा ओढते, आणि आपल्या ४५ अंशांच्या उन्हात पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

इंजिन न खोलता दोष सापडला, तर आम्ही फक्त तपासणीची मजुरी घेतो.