बिघडण्याआधीची गाडी: आमची वाटचाल

आमच्या गॅरेजात येणाऱ्या बहुतेक स्पोर्ट्‌स कार बिघडलेल्या नसतात. त्या स्वतःच्या चाकांवर येतात, लिफ्टवर चढतात, तास-दीड तासाने उतरतात आणि मालक त्याच गाडीने पुढे कामाला जातो. सुरुवातीला असं नव्हतं. मी आणि माझ्या भागीदाराने गॅरेज टाकलं तेव्हा समोर येईल ती गाडी घ्यायचो, आणि बंद पडल्याशिवाय कोणी गाडी आणत नव्हतं. धंदा चालत होता. पण ज्या कामाला गिऱ्हाईक मोठी रक्कम मोजायचं, ते काम काही महिने आधी कोणी खाली वाकून पाहिलं असतं तर टळलं असतं, हे आम्हा दोघांनाही डाचायचं.

दिशा बदलली ती माझदा एमएक्स-५ मुळे. १९८९ साली आलेली ही हलकी, दोन सीटची, रिअर व्हील ड्राइव्ह गाडी. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे पहिल्या पिढीतली होती आणि ते ती रोज कामावर न्यायचे. झाकून ठेवायची गाडी ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. अधूनमधून येऊन म्हणायचे, "काही झालेलं नाही, पण एकदा नजर फिरवा. आणि जे दिसेल ते लिहून द्या." लिहून द्यायचं म्हटल्यावर 'टायर ठीक' एवढ्यावर भागेना. ठीक म्हणजे किती? म्हणून आधी टायरच्या नक्षीची खोली मोजणारं डेप्थ गेज आलं, मग नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा चांगला टॉर्क रेंच, मग ब्रेक फ्लुइडचा टेस्टर. त्या गाडीचे कागद एकाखाली एक लावून पाहिले आणि आमचं काम आम्हाला सापडलं. एका दिवसाच्या आकड्यावरून फारसं कळत नाही. मागच्या खेपेपासून तो किती हलला, यावरून सगळं कळतं.

टायरचंच घ्या. स्पोर्ट्‌स कारच्या चाकांना बहुधा निगेटिव्ह कॅम्बर दिलेला असतो, म्हणजे चाक वरच्या बाजूला किंचित आत झुकलेलं. वळणावर पकड मिळते, पण सरळ रस्त्यावर आतली कड जास्त झिजते. उभं राहून पाहिलं तर टायर नवाकोरा दिसतो आणि लिफ्टवर घेतला की आतून खाल्लेला. म्हणून आम्ही प्रत्येक टायर आत, मध्ये आणि बाहेर असा तीन ठिकाणी मोजतो. मधला भाग लवकर झिजत असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजत असतील तर हवा कमी. फक्त आतली कड भराभर उतरायला लागली तर टो (वरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) बिघडलाय किंवा सस्पेन्शनच्या सांध्यातला एखादा रबरी बुश सैल झालाय, हे आधी तपासतो. बऱ्याच गाड्यांत पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे पुढचे मागे करून झीज सारखी करायची सोय नसते. हवा थंड टायरवरच मोजायची. धावून आलेल्या टायरमधली जास्तीची हवा काढली तर थंड झाल्यावर ती कमी भरते. बाजूवरचा चार आकडी कोडही वाचावा. २३२२ असेल तर तो टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर उरली असली तरी जुनं रबर कडक होतं, आणि पावसात ते लगेच जाणवतं.

लोकांना वाटतं गाडी रोज चालवली की संपते. आमचा अनुभव उलटा आहे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, सील कोरडे पडतात, टायर एका जागी दबतात. रोज चालणारी गाडी एकंदरीत निरोगी असते, फक्त 'रोज' आणि 'पुरेशी' यात फरक आहे. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा काटा काही मिनिटांत मध्यावर येतो, पण ऑइलला पूर्ण तापायला त्याहून बराच वेळ लागतो. छोट्या छोट्या फेऱ्यांत ऑइल तेवढं तापतच नाही, त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. अशा गाडीचं रनिंग कमी दिसलं तरी आम्ही ऑइल लवकर बदलायला सांगतो. आणि ऑइल तापल्याशिवाय इंजिन वरच्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) नेऊ नका, हे प्रत्येक नव्या मालकाला समोर बसवून सांगतो.

ऑइलची पातळी ही मालकाने स्वतः बघायची गोष्ट. होंडा एस२००० चं दोन लिटरचं इंजिन जवळपास ९००० आरपीएमपर्यंत फिरतं. अशा इंजिनात ऑइल थोडं कमी होणं वेगळं, आणि अचानक जास्त प्यायला लागणं वेगळं. हा फरक नोंद ठेवली तरच कळतो. दर दोन-तीन टाक्यांमागे एकदा डिपस्टिक बघा, किती घातलं ते लिहा. मात्र पद्धत गाडीच्या पुस्तकातलीच हवी. बहुतेक गाड्यांत सपाट जागी, इंजिन बंद करून, ऑइल खाली उतरू देऊन बघतात. १९९८ पर्यंत निघालेल्या एअर-कूल्ड पोर्शे ९११ ला ड्राय संप आहे, म्हणजे ऑइल इंजिनच्या तळाशी न राहता वेगळ्या टाकीत असतं. तिथे ऑइल गरम असताना, इंजिन आयडलला चालू ठेवूनच बघावं लागतं. बंद करून बघितलं की पातळी कमी दिसते, मग कोणीतरी प्रेमाने जास्तीचं ऑइल ओततं आणि ते एअर फिल्टरच्या बाजूला चढतं.

ब्रेक फ्लुइडवर मात्र आम्ही कोणाचंही ऐकत नाही. डॉट ४ या प्रतीचं फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १५५ इतकीच अट असते. रोजच्या रस्त्यावर काही जाणवत नाही, पेडल घट्ट लागतं, म्हणून मालक म्हणतात राहू द्या. लांबलचक उतारावर सतत ब्रेक दाबावा लागला की कॅलिपरमधलं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं) फ्लुइड उकळतं, त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ होत खाली जातं. दोन वर्षं झाली की फ्लुइड बदलायचं, गाडी कितीही कमी चालली असो. पॅडबरोबर डिस्कही मोजायची. तिची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. भोकांची डिस्क असेल तर भोकापासून कडेकडे निघालेली चीर शोधायची, टॉर्च तिरकी धरून.

काही जागा कागदावर कधीच नसतात. १९९६ साली आलेल्या पोर्शे बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे, पण रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत. हवेच्या जाळीतून पानं आत जातात, एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे साचतात, भिजून कुजतात आणि धातू खातात. आमच्याकडच्या मुलांनी पहिल्यांदा बंपर उतरवला तेव्हा त्या फटीतून घमेलंभर ओला पाला निघाला. मालकाला बोलावून दाखवला. तेव्हापासून अशा गाड्यांचा बंपर ठरावीक काळाने उतरतोच. तसंच खालच्या कव्हरचं. ते न काढता 'गळती नाही' असं लिहायचं नाही, कारण थेंब कव्हरवरच साठतो, जमिनीवर येत नाही.

या कामाने गॅरेज वाढलं, पण सावकाश. इंजिनची ताकद वाढवून देण्याची कामं आम्ही घेणं बंद केलं. पैसा त्यात होता, पण दोन्ही कामं एकाच हाताने नीट होईनात. दुसरं, तपासणी करणाऱ्या मेकॅनिकच्या कमाईचा आणि पार्टच्या विक्रीचा संबंध आम्ही तोडला. पॅड अजून चालण्यासारखे असतील तर त्याने तसं बिनधास्त लिहावं. नवीन मुलगा आला की तो आधी मोजायला आणि लिहायला शिकतो, पाना नंतर. चाकाचे नट एअर गनने आवळून सोडून द्यायचे नाहीत, शेवटचा हात टॉर्क रेंचचा, आणि थोडं अंतर धावून आल्यावर पुन्हा एकदा.

गिऱ्हाईकही बदललं. पूर्वी विचारायचे, "किती खर्च येईल?" आता बरेच जण विचारतात, "मागच्या वेळी किती होतं?" हा प्रश्न ऐकला की मला मनापासून आनंद होतो.

सध्या चाकांचे कोन मोजून जुळवणारं स्वतःचं अलाइनमेंट मशीन घेण्याची तयारी चालू आहे. कमी उंचीची गाडी पुढचा ओठ न घासता चढेल असा रॅम्प हवा, आणि त्यासाठी जागेची फरशी सपाट करून घेण्याचं काम काढलंय. तोवर अलाइनमेंट बाहेरून करून घेतो, त्याचा छापील रिपोर्ट मालकाच्या फाइलला लावतो आणि पुढच्या खेपेला आतली कड पुन्हा मोजतो.